हातात धरता येईल अशी बॅग

प्रिय व्यंकट,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला फार उशीर झाला, माफ कर. पोस्टमननं बाजारच्या दिवशी पत्र दिलं तेव्हापासून ते कोनाड्यात देवाजवळ ठेवलंय, आणि येता-जाता माझी नजर त्याच्यावर जात होती. रोज ठरवायचो, आज लिहू. मग चष्म्याची काडी मोडली. मग पेनातली शाई वाळली. मग सगळं जमवून बसलो तर पहिल्या ओळीलाच काही सुचेना. चौथी शिकलेल्या माणसाचं असंच असतं, बोलायला लागला तर थांबत नाही आणि लिहायला बसला तर हात हलत नाही. तू विचारलंस ते एवढंच, की बॅगेचा पट्टा तुटलाय, रेवणसिद्धाकडून शिवून घ्यावी का धाराशिवच्या बाजारातून नवी घ्यावी, आणि नवी घ्यायची तर दौऱ्याला आणि ऑफिसला दोन्हीकडं चालेल अशी कोणती घ्यावी. घरचं काही विचारलं नाहीस. विहिरीचं नाही, म्हशीचं नाही. असो. विचारलंस तेवढ्याचं आधी सांगतो.

रेक्झिनची घेऊ नको. दुकानात दिव्याखाली ती चकचकीत दिसते, पण आपल्याकडच्या उन्हात एका उन्हाळ्यात तडकते. आपल्या ग्रामसेवकानं घेतली होती, आता तिची सालपटं निघतात आणि तो ती उलटी धरून चालतो. खाकी घेऊ नको, लोक कंडक्टर समजून तुझ्याकडं तिकीट मागतील. पांढरट घेऊ नको, धूळ दिसते. बूड कडक पाहिजे. ऑफिसात टेबलाशेजारी ठेवली की उभी राहिली पाहिजे, नाहीतर साहेबासमोरच म्हाताऱ्यासारखी बसकण मारते. कागदाचा कप्पा वेगळा आणि भाकरीचा वेगळा बघ, चटणीचं तेल कागदाला लागलं की ते निघत नाही. चेन असली तर दुकानदारासमोर पुन्हापुन्हा उघडझाप करून बघ, तो कितीही वैतागला तरी. आणि एस.टी.त वरच्या फळीवर ठेवू नको, मांडीवर घे. येडशीच्या स्टँडवर घाईत उतरणारी माणसं कुणाचीही उचलून चालू लागतात. हे सगळं तुला माहीत असेल. मला मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. एवढ्यातेवढ्याची काळजी करत बसतो म्हणून तुझी माय मला आयुष्यभर बोलत आली.

दोन्हीकडं चालणारी पिशवी तुला काही नवी नाही. बहात्तरच्या दुष्काळात मी आणि तुझी माय रस्त्याच्या कामावर खडी फोडत होतो आणि तू शाळेत जायचास. तेव्हा तुझ्या मायनं सुकडीच्या रिकाम्या पोत्याची पिशवी शिवली होती. सकाळी तिच्यात तुझं पाटी-पुस्तक, आणि शाळा सुटली की तीच घेऊन तू कामावर यायचास आणि वाटपाची सुकडी, ते गुळाचं गोड पीठ, तिच्यात घालून घरी न्यायचास. तुझ्या पुस्तकांना सुकडीचा गोड वास यायचा. गुरुजी म्हणायचे, ह्याच्या आधी ह्याचं पुस्तक मुंग्याच वाचतात. त्या पिशवीला बंद एकच होता, आणि तो तुझ्या मायच्या लुगड्याच्या काठाचा होता. तो कधी तुटला नाही.

पुढं तू दूध संघात लागलास. काही दिवस सायकलीवर गावोगावची दूध केंद्रं तपासायची आणि बाकीचे दिवस धाराशिवच्या ऑफिसात खुर्चीवर बसायचं. तेव्हा तुझ्या बॅगेसाठी मी किती फिरलो ते तुला माहीत नाही. येरमाळ्याच्या यात्रेत बघितल्या, धाराशिवला बघितल्या. जी दौऱ्याला चालायची ती ऑफिसात गबाळी दिसायची, जी ऑफिसात शोभायची ती सायकलीच्या दोन धक्क्यांत उसवली असती. शेवटी येडशीला स्टेशनाबाहेर ट्रकच्या ताडपत्र्या शिवणाऱ्या रेवणसिद्धापुढं जाऊन बसलो. तो म्हणाला, "गोरोबा, नवरदेवाला शोभंल आन बैलालाबी चालंल असं कापड मागता की तुम्ही." मी म्हटलं, सायकलीवर दोन्ही हात मोकळे पाहिजेत, पाठीवर अडकवायचे दोन पट्टे लाव. दुधाची डिग्री बघायची तुझी काचेची नळी असते, तिच्यासाठी आत एक मऊ कप्पा करायला सांगितला, नळी फुटली तर तिची भरपाई तुझ्या अंगावर यायची म्हणून. त्या कप्प्याला लागणारा गोधडीचा तुकडा तुझ्या मायनं स्वतःच्या अंथरुणातला फाडून दिला. वर धरायला मूठ तेवढी लावायची राहून गेली. रेवणसिद्ध म्हणाला, पट्टे असल्यावर मूठ कशाला? मलाही ते पटलं.

मुठीचं एवढं का सांगतोय, ते बघ. आपल्या घरी कुणीही आलं की आधी त्याच्या हातातली पिशवी घ्यायची, मग पाय धुवायला पाणी द्यायचं. पाहुणा असो नाहीतर घरचा. पिशवी खुंटीला लागली म्हणजे माणूस घरी आला, असं तुझी माय मानते. तू नवानवा नोकरीला लागलास तेव्हा कापडी पिशवी घेऊन यायचास. एकदा तिनं ती कणगीत लपवून ठेवली आणि संध्याकाळची गाडी चुकेपर्यंत तू घर पालथं घातलंस. "माय, दे की गं, उद्या साहेब झाडंल मला." "झाडू दे, तेवढीच धूळ निघंल." त्या रात्री तू राहिलास, तर तिनं शेंगा भाजल्या होत्या. रेवणसिद्धाची बॅग घेऊन पहिल्यांदा आलास तेव्हाही तिनं दारात हात पुढं केला. तुझ्या हातात काहीच नव्हतं. मग ती तुझ्या पाठीमागं गेली आणि पट्ट्यांशी झटत बसली, ते काही तिला सुटेनात. मला म्हणाली, "बैलावानी जुपलंत की हो पोराला!" तेव्हा आपण तिघंही हसलो होतो.

नंतर या उन्हाळ्यातला तो दिवस आला. विहीर आटून तळाचा खडक उघडा पडला होता आणि आपली म्हैस उसाच्या वाळक्या वाढ्यावर जगत होती. आपल्या गावच्या दुधाला डिग्री लागत नाही, त्यात पाणी असतं, अशी तक्रार संघाकडं गेली आणि संघानं तपासायला नेमकं तुलाच पाठवलं. का तूच मागून घेतलंस, ते मला अजून कळलेलं नाही. तू घरी न येता सरळ केंद्रावर गेलास. मी तिथंच माणिकप्पा सेक्रेटरीच्या ओट्याजवळ उभा होतो. तू बॅग टेबलावर ठेवलीस, गोधडीच्या कप्प्यातनं नळी काढलीस, आणि रांगेत मागं उभ्या असलेल्या तुझ्या मायला पुढं बोलावलंस. सगळ्यांच्या आधी तिचं दूध. नळी खाली गेली. तू तिच्या तोंडाकडं न बघता म्हणालास, "पाणी आहे. परत न्या." न्या म्हणालास, व्यंकट. मायला. ती म्हणाली, "म्हशीलाच प्यायला मिळंना, दुधात घालाय कुठनं आणू पाणी?" लोक हसले. तू हसला नाहीस. तिनं किटली उचलली आणि भर गावातनं घरी आली.

मग एकेकाचं करत सगळ्यांचंच दूध तू परत पाठवलंस आणि केंद्र बंद झालं. उपाशी जनावराचं दूध पातळच उतरतं, असं काहीजण म्हणतात. खरं-खोटं मला माहीत नाही, नळी तुझ्याकडं आहे. पण तुला वाटलं असणार की मायचं दूध आधी परत केलं म्हणजे गाव म्हणेल, पोरगा सरळ आहे. गाव तसं म्हणालं नाही. आबारावानं हॉटेलात सगळ्यांदेखत मला विचारलं, "गोरोबा, घरात चोर निघाला का शिपाई, एकदा काय ते सांगून टाका." मी चहा तसाच ठेवून उठलो. तेव्हापासून तिकडं फिरकलो नाही. तुझ्या मायला मात्र कुणी काही बोललं की ती म्हणायची, त्यानं त्याचं काम केलं. तिनं तुला एक शब्द लावला नाही. लावला असता तर मला बरं वाटलं असतं.

केंद्र बंद करून तू घरी आलास, तेवढं तरी केलंस. ते दूध चुलीपुढं तसंच झाकून ठेवलं होतं. तू उंबऱ्याच्या बाहेर उभा, बॅग पाठीवर. आणि काय सांगू, तिनं पदराला हात पुसला आणि नेहमीसारखा पुढं केला. बॅग मागण्यासाठी. तू एक पाऊल मागं सरलास आणि म्हणालास, "राहू दे माय, गाडी गाठायची आहे." पाणीसुद्धा उभ्यानं प्यालास. तिचा हात थोडा वेळ तसाच राहिला. मग तिनं तो चौकटीवर टेकला, जणू त्यासाठीच उचलला होता. मी आत बसून बघत होतो. त्यानंतर तू आला नाहीस. धाराशिव काही परमुलखात नाही. आपल्या फाट्यावरनं तू सायकलीनं पुढच्या गावाला जातोस, हेही लोक मला सांगतात. पाठीवर बॅग असते म्हणतात, आणि मान खाली असते.

आता उशीर का झाला ते खरं सांगतो. काडी मोडली, शाई वाळली, हे सगळं निमित्त होतं. पोळ्याच्या आधी तुझ्या मायच्या उजव्या अंगावरनं वारं गेलं. धाराशिवच्या दवाखान्यात नेऊन आणलं, डॉक्टर म्हणाले, घरी ठेवा, आता जेवढं होईल तेवढं. तू राहतोस त्या गल्लीच्या तोंडावरनं आमची गाडी गेली. मी उतरणार होतो, तर तिनं डाव्या हातानं माझं धोतर धरून ठेवलं. तोंडातनं शब्द नीट निघत नाही, पण तेवढं कळलं, की पोराला कळवू नका, त्याचं कामात ध्यान लागायचं न्हाय. म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. पण रोज संध्याकाळी फाट्यावर गाडीचा हॉर्न वाजला की ती अंथरुणातनं डावा हात उचलते आणि दाराकडं पुढं करते. शेजारच्या केशरबाईला वाटतं तहान लागली, ती पाण्याचं भांडं देते. तुझी माय भांडं बाजूला ठेवते आणि हात पुन्हा पुढं करते. गाडी निघून गेल्याचा आवाज आला की हळूच खाली घेते. मला हे आता रोज बघवत नाही. तिला न विचारता हे लिहितो आहे. ती बॅग रेवणसिद्धाकडं नेऊ नको. कोणतीही घे, रेक्झिनची घे, तडकली तर तडकू दे. फक्त तिला मूठ असू दे. आणि फाट्यावर उतरलास की ती हातात घेऊन घरापर्यंत ये. मायनं हात पुढं केला की त्या हातात दे. उचलायला जड होईल म्हणून थांबू नको, खालनं मी आधार देईन. कोणत्या गाडीनं येतोस तेवढं एका कार्डावर कळव, पण लगेच कळव. म्हणजे त्या दिवशी तिची उशी दाराकडं करून ठेवीन, आणि केशरबाईला सांगीन की आज पाणी देऊ नको.

तुझाच,
दादा