जाड भिंतींचं घर

१४ जानेवारी २००७

—आणि तवा खाली पडला, पोळी त्याच्याखाली, माझं मनगट अजून ह्यांच्या मुठीत. 'फोटोवर ओला पेला ठेवतात?' एवढंच म्हणाले. ओरडले नाहीत. हे कधीच ओरडत नाहीत. हात शेगडीच्या लाल कॉइलजवळ नेला आणि धरून ठेवला. टेकवला नाही. टेकवतील की नाही हे मला कळू नये, एवढ्यासाठीच धरला होता.

मग सोडला. टेबलाशी जाऊन बसले. फोटोवरचं पाणी स्वतःच्या बाहीने टिपलं, हळुवार.

फोटो एका घराचा. पिवळी भिंत, निळं दार, लाकडी सज्जा. गाव कार्ताहेना— कोलंबियात, कॅरिबियन समुद्राच्या काठी. मेमध्ये ह्यांची नोकरी संपते. जूनमध्ये तिकडे. कायमचं. इथे अमेरिकेत, हर्नडनमध्ये पेन्शनवर भागणार नाही, तिथे भागून वर मोलकरीण ठेवता येईल. 'रत्नागिरीसारखंच गं. नारळ, मासे, दमट हवा. फक्त रत्नागिरीचे लोक नाहीत. ओळखीचं कुणी नाही— हीच तर गंमत!'

जळलेली पोळी मी खाल्ली.

१५ जानेवारी

मनगट सुजलं. साबण लावून बांगड्या काढल्या.

२८ जानेवारी

रेडमंडहून लेकीचा, सावनीचा फोन. हे फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात.

'बाबा, कोलंबिया? सीरियसली? तिथे लोकांना किडनॅप करतात!'

'तुझ्या आईला कोण पळवतंय? नेली तर दुसऱ्या दिवशी परत आणून सोडतील.'

सावनी हसली. मी हसले. हे माझ्याकडे बघत हसले.

'आई, तू काय म्हणतेस?'

'मी स्पॅनिश शिकतेय,' म्हटलं. ते खरं आहे. लायब्ररीतून सीडी आणल्या आहेत.

'वॉव, आई! गो यू!'

तिला सांगायचं कसं? वाक्य कुठून सुरू करायचं? कॉलेजात वर्षानुवर्षं मराठी शिकवलं. पोरींना म्हणायची, अवघड गोष्ट सांगायची तर कर्त्यापासून सुरुवात करा. कर्ता, मग क्रियापद.

११ फेब्रुवारी

स्पॅनिशमध्ये समोरच्या माणसाला आदरार्थी रूप आहे. पाठीमागे नाही. माणूस खोलीतून बाहेर गेला की एकेरी होतो.

आपल्याकडे तसं नाही. माणूस दुसऱ्या गावाला गेला, देशाबाहेर गेला, मेला, तरी 'ते'. मी ह्या वहीतसुद्धा 'हे' लिहिते. कोण वाचणार आहे? तरी हात 'हे'च लिहितो.

आज ह्यांनी जिन्यात ढकललं. चार कपडे इस्त्रीचे राहिले होते.

२४ फेब्रुवारी

शेजारची रेणू चहाला आली. पुण्याची. नवऱ्याच्या व्हिसावर आली आहे, तिला स्वतःला नोकरी करता येत नाही. दिवसभर एकटी. तिची बैठकीची खोली आणि आमची, मधली भिंत एकच. तिच्याकडचा प्रेशर कुकर मला ऐकू येतो.

'काकू, एक विचारू? तुमचा गणपती इतका खाली का टांगलाय? जिन्याच्या दुसऱ्या पायरीशी?'

'बसून दिसावा म्हणून.'

'आणि ते खारूताईचं चित्र? ते तर अर्धं फ्रिजच्या मागे आहे!'

गणपतीच्या मागे माझ्या खांद्याचा खड्डा आहे. खारीच्या मागे कोपराचा. इथल्या घरांना विटा नसतात. लाकडी दांड्यांवर ठोकलेले खडूचे तक्ते, बस. माणूस आपटला की आत जातात.

'तुझे काका हौशी आहेत,' म्हटलं. तिने चहाचा घोट घेतला. खारीकडे बघत राहिली.

तेवढ्यात फोन. कार्ताहेनाचा घरांचा दलाल, ऑस्कर. सेन्योर आहेत का?

'दे आर नॉट ॲट होम,' म्हटलं. 'दे विल कम ॲट सिक्स.'

 तिकडून, 'बोथ, सेन्योरा?'

फोन ठेवला तर रेणू पोट धरून हसत होती. 'काकू! दे? किती काका आहेत घरात?'

मी लाजले. मग मलाही हसू आलं. इतकं, की बरगडी दुखली. एम.ए.ला पहिला वर्ग! पण 'ही' म्हणायला तोंड वळत नाही. मराठीत 'ही' म्हणजे मी. 'आमची ही.' इंग्रजीत 'ही' म्हणजे हे. बायकोचा शब्द नवऱ्याला कसा लावायचा? आणि एकेरी?

१० मार्च

ऑस्करकडून आणखी फोटो. आतले. हे मला शेजारी बसवून दाखवत होते. मांडीवर हात. आतलं अंगण, हौद, कडुलिंबासारखं कसलं तरी झाड. मला आवडलं. हे लिहायला हवं— मला ते घर आवडलं. हौदाच्या कडेवर बसून वाचता येईल असं वाटलं.

'भिंती बघ,' म्हणाले. 'स्पॅनिशांच्या वेळच्या. दगड आणि चुना. हातभर जाड! इकडचं तिकडे ऐकू जाणार नाही. आणि फुटायचं नाव नाही.'

मग गणपतीकडे बघून म्हणाले, 'पुट्टी लावून लावून कंटाळा आला यार.'

ह्यांनी ते गमतीने म्हटलं. मी हसावं अशी अपेक्षा होती. हसले नाही. मांडीवरचा हात तसाच राहिला, फक्त बोटं आत रुतली. आज निळे ठसे आहेत.

रात्रभर एकच विचार. इथे मी आपटते तेव्हा भिंत आत जाते. तिथली जाणार नाही.

३ एप्रिल

आज काही नाही. दिवसभर वाट पाहिली.

२२ एप्रिल

तिकिटं आली. ५ जून. परतीची नाहीत.

म्हटलं, 'मी महिनाभर सावनीकडे राहून मागून येते.' भाजी चिरता चिरता म्हटलं, सहज वाटावं म्हणून.

ह्यांनी माझ्या हातातली सुरी काढून घेतली. सिंकमध्ये ठेवली. नळ सोडला, सुरी धुतली, पुसली, जागेवर ठेवली. मग वळून तोंडावर मारलं. उलट्या हाताने. दात हलतोय.

'मागून कुणी येत नसतं,' म्हणाले. 'बरोबर येतात.'

२९ एप्रिल

रेणूने विचारलं, काकू, ओठाला काय झालं? कपाटाचं दार, म्हटलं. ती म्हणाली, 'मी दिवसभर घरी असते हं, काकू.' दोनदा म्हणाली.

१८ मे

रेणूकडे बसून लिहिते आहे. डाव्या डोळ्याने नीट दिसत नाही. ओळी तिरक्या जात असतील.

ह्यांचा ऑफिसातला शेवटचा दिवस. चारलाच आले, उरलेला केक घेऊन. वर क्रीममध्ये नारळाचं झाड काढलेलं. आनंदात होते. सावनीचा फोन आला. हे बाथरूममध्ये, म्हणून मी उचलला, स्पीकर लावला नाही.

'आई, खरं सांग. तुला जायचंय का?'

'नाही.'

एवढंच. कर्ता नाही, क्रियापद नाही, तरी सांगून झालं. वळले तर हे दारात. टॉवेलने हात पुसत.

फोन माझ्या हातातून घेऊन ठेवला. टॉवेल घडी करून खुर्चीवर. मग केसांना धरून बैठकीच्या खोलीत नेलं. 'ही भिंत बघ,' म्हणाले, शांतपणे, फोटो दाखवताना बोलतात तसं. 'ही बघ केवढीशी.' डोकं आपटलं. तक्ता फुटला. 'बघितलीस?' परत आपटलं. या वेळी आतली दांडी लागली, लाकडाची. मी ओरडले. लग्नाला चौतीस वर्षं झाली, पहिल्यांदा ओरडले! माझाच आवाज मला ओळखू येईना. पोटात लाथ. पलीकडून रेणू भिंत बडवायला लागली. हे थांबले. श्वास सारखा केला. केस विंचरले.

रेणूने पोलिसांना नाइन-वन-वनवर फोन केला होता. भिंतीवर काहीतरी आपटतंय, बाई ओरडतेय, असं. पोलीस आले. एक बाई, एक पुरुष. बाई माझ्याजवळ गुडघ्यांवर बसली.

'हू डिड धिस टू यू, मॅम?'

'दे डिड,' म्हटलं.

मला खरं सांगायचं होतं. मी खरंच सांगितलं होतं! 'ह्यांनी' म्हटलं, तोंडातून निघालं ते इंग्रजीत निघालं.

'दे? हाउ मेनी? आर दे स्टिल इन द हाउस?' तिचा हात कमरेच्या पिस्तुलावर. जोडीदार जिना चढत वर.

आणि हे दारातून म्हणाले, क्षणाचाही वेळ न घेता, 'टू गाइज. स्पॅनिश. मी आलो तर मागच्या दाराने पळाले. एकाची टोपी लाल होती.'

बाईने माझ्याकडे बघितलं. 'दोन?'

मी जमिनीकडे बघितलं. मान हलवली की नाही आठवत नाही. तिने हो धरलं. रेडिओवर बोलली. दोघं, स्पॅनिश, लाल टोपी. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी पट्टी केली. हॉस्पिटल नको म्हटलं.

ते गेल्यावर ह्यांनी चहा केला. मला आयता कप दिला. 'तुझं व्याकरण कामी आलं बघ,' म्हणाले.

तासाभराने पोलिसांचा फोन. दोन माणसं सापडली आहेत. रोजंदारीवाले सकाळी कामासाठी उभे राहतात तिथल्याच कोपऱ्यावर. एकाची टोपी लाल. उद्या फोटो दाखवायला येऊ. हे 'थँक यू, ऑफिसर,' म्हणाले. मला म्हणाले, 'उद्या मी बोलेन. तू फक्त बस.'

माझ्या बहुवचनाला दोन माणसं सापडली.

रेणू खिचडी घेऊन आली होती. 'काकूंना जरा आमच्याकडे नेते हं, काका, एकट्या घाबरतील.' ह्यांनी सोडलं. 'लवकर पाठव,' म्हणाले. तिने दार लावलं, मला खुर्चीत बसवलं, ताट समोर ठेवलं. मग हळूच विचारलं. हसत नव्हती.

'काकू. किती काका आहेत घरात?'

भिंतीपलीकडे टीव्ही चालू आहे. मी लिहिते आहे. थोड्या वेळाने घरी जायचं आहे. तिने विचारलं, मी सांगू का पोलिसांना? नको, म्हटलं. ती ऐकलेलं सांगेल. मला केलेलं सांगायचं आहे.

१९ मे

सकाळी पोलीसबाई आली. जेवणाच्या टेबलावर फोटो मांडले, घराच्या फोटोंशेजारीच. दोन तरुण माणसं. एकाच्या शर्टावर सिमेंट. 'दॅट्स देम,' म्हणून शेजारच्या खुर्चीतून आवाज आला. बाईने मला विचारलं, दे? मी म्हटलं, नो. ही. बोट दाखवलं. वन. तिने नाव विचारलं. घेतलं. जगन्नाथ. स्पेलिंगसकट. मग गणपती काढून दाखवला, खार काढून दाखवली. त्याला बेड्या घालून नेलं. जाताना तो ओरडला. त्या दोघांना सोडलं, असा दुपारी निरोप आला.

त्याआधी ऑस्करचा फोन. सेन्योर आहेत का?

ही इज नॉट ॲट होम, म्हटलं.