बाईंची गांडुळं

बाई, तुम्ही मला दिलेली गांडुळं गेली. रोगानं नाही, उन्हानं नाही, माझ्या शहाणपणानं गेली. तशी ती थेट तुमच्या हातची उरली नव्हती, इतक्या वर्षांत त्यांच्या किती पिढ्या झाल्या असतील देव जाणे, पण मी त्यांना कायम ‘बाईंची’च म्हणत आले. आज रविवार. खाली पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडतायत, सोसायटीची मीटिंग आहे. आमच्या माळीकाकांना ठेवायचं की काढायचं, एवढाच विषय. मला दोनदा बोलावणं आलं. ‘आलेच’ म्हटलं आणि कागद घेऊन तुम्हाला लिहायला बसले.

कॉलेजचं पहिलं वर्ष. झुरळाचं प्रॅक्टिकल आहे आणि मी ते उताणं टाचून पोटाकडून कापायला घेते. आधीच्या वर्षी बेडूक कापलेला, तेवढीच माझी अक्कल. तुम्ही मागे कधी येऊन उभ्या राहिलात ते कळलंच नाही. “अहो विदुषी, हा बेडूक आहे का?” सगळी लॅब हसली. मग तुम्ही माझ्या हातातला चिमटा काढून घेतलात आणि झुरळ पालथं केलंत. “ह्याचं हृदय पाठीशी आणि मज्जारज्जू पोटाशी. आपल्या बरोब्बर उलट. पोटाकडून कात्री घातलीस की पहिल्याच फटक्यात त्याची सगळी तारच तोडलीस. आधी विचारावं, मग हात चालवावा.” त्या दिवशी तुम्ही ट्रेमध्ये ओळीनं मांडून दाखवलंत, गांडूळ, गोगलगाय, कोळंबी, खेकडा. मणके एकालाही नाहीत, बाकी दिसण्यात कशाचा कशाला मेळ नाही. एकाचं अंग वळ्यावळ्यांचं, एकीला नुसता एक पाय आणि कानशीसारखी जीभ, एकाचा सांगाडा अंगाबाहेर. “पण घराणं एकच. गर्भात ह्यांचं तोंड आधी तयार होतं, म्हणून आद्यमुखी. आपलं आधी दुसरं टोक होतं. तेव्हा माणसानं फार तोरा मिरवू नये.” मुलं खिदळत होती आणि तुमचा चेहरा ढिम्म.

पुढे मीही तेच शिकवायला लागले. तुमची वाक्यं जशीच्या तशी वापरली, तुमचं नाव न सांगता. तुमचं आजारपण सुरू झालं तेव्हा कात्रजच्या घरी भेटायला आले होते. तुम्ही परसातल्या खताच्या खड्ड्याकडे बोट दाखवून म्हणालात, “माझ्यामागे इथे फरशी घालतील. ह्यांना घेऊन जा.” मी बादलीत माती भरली. “फुफ्फुसं नाहीत त्यांना. ओली कातडी हेच त्यांचं नाक, ती कोरडी पडू देऊ नकोस. बाकी काही मागत नाहीत बिचारी.” बसमध्ये कंडक्टरनं विचारलं, बादलीत काय आहे? मी म्हटलं, गांडुळं. तो म्हणाला, पुढे सरका. विश्रांतवाडीपर्यंत मी ती बादली मांडीवर धरून आले, साडीची पार वाट लागली. सोसायटीच्या मागच्या भिंतीलगतच्या वाफ्यात ती सोडली. तिथे जास्वंद अशी फोफावली की लोक विचारायचे, काय घालता हो? मी ऐटीत सांगायची, आमच्या बाई आहेत त्या.

या पावसाळ्यात गोगलगाई आल्या. त्या मोठ्या, आफ्रिकन. भिंतीवर, पायऱ्यांवर, गाड्यांच्या चाकांवर. झाडांची पानं एका रात्रीत चाळणी. मीटिंग भरली आणि सेक्रेटरी म्हणाले, “मॅडम, जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलंत, आज त्याचा काही उपयोग होतो का बघा.” झालं, मी उठले. खरं उत्तर साधं होतं. हातमोजे घालून रोज वेचायच्या आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या. पण ते कुणीही सांगेल, त्याला एम.एस्सी. कशाला लागतं? मी मिठावर व्याख्यान दिलं. मीठ अंगातलं पाणी कसं ओढून घेतं, गोगलगाईला फेस का येतो, सगळं साग्रसंगीत. बादलीचं सांगायचं राहूनच गेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लिफ्टमध्ये शिरत होते, कानाला फोन. माळीकाका धावत आले. “मॅडम, मीठ आणलंय. समद्या वाफ्यांत टाकू का? चालतंय न्हवं?” मी फोनवर हात ठेवून म्हटलं, “हो हो, टाका.” दार बंद झालं. त्यांनी आधी विचारलं होतं, बाई. हात चालवणारी मी होते.

पाऊस झाला, मीठ विरघळून खाली झिरपलं. तिसऱ्या दिवशी मी गेले तर गांडुळं वर आलेली, आकसलेली, सुतळीच्या तुकड्यांसारखी. मी हातानं वाफा उकरला. खालीही तेच. एकही वळवळलं नाही. गोगलगाई मात्र वरच्या भिंतीवर खुशाल. आठवड्यानं जास्वंदही गेली आणि मग लोकांना जाग आली. बागेचं वाटोळं कुणी केलं? सेक्रेटरी माळीकाकांवर घसरले, “मॅडमनी गोगलगाईंवर टाकायला सांगितलं होतं, तुम्ही वाफ्यात ओतलंत! विचारायचं तरी!” मग सेक्रेटरी माझ्याकडे वळले, “तुमचं मत काय, मॅडम?” आणि मी चष्मा पुसत म्हटलं, “मिठाचं प्रमाण जास्त झालं.” शास्त्रीयदृष्ट्या अगदी बिनचूक उत्तर. माझी मलाच किळस आली, तरी मी तेवढ्यावरच थांबले.

काल काका जिन्यात भेटले. मला वाटलं, आता बोलतील, आणि बोलले तर बरंच होईल. ते इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, “मॅडम, घोर लावून घिऊ नका. तुमाला इचारलं व्हतं, ह्ये म्या कुणाला बोललो न्हाय. तुमची इज्जत हाय हितं.” मी म्हटलं, “बरं.” बरं! एवढा एकच शब्द सुचला मला. त्यांच्या घरात कमावणारे ते एकटेच आहेत, हे मला ठाऊक आहे. उद्यापासून त्यांना कोण काम देणार, या वयात?

तुम्ही असतात तर माझ्या हातातलं पेन काढून घेतलं असतंत. “अहो विदुषी, मेलेल्या माणसाला काय सांगता? खाली जा.” हे वाक्य मला मघापासून ऐकू येतंय, तुमच्या आवाजात. पाच मिनिटांचं तर काम होतं. दोन मजले उतरायचे आणि एक वाक्य बोलायचं. काकांनी विचारलं होतं, मी हो म्हटलं होतं. त्याऐवजी मी तुम्हाला झुरळ सांगत बसले, बस सांगत बसले, साडी सांगत बसले.

हे पत्र कुठेच जायचं नाही, ते पहिल्या ओळीपासून माहीत होतं. बाई, मी ते तुमच्यासाठी लिहिलंच नाही. मीटिंग संपेपर्यंत वेळ जावा म्हणून लिहिलं. खाली आता खुर्च्या एकात एक रचल्याचा आवाज येतोय.