गाबोळीचं मीठ

एकलहरे,
११ जुलै २०२५

प्रिय सिंधुताई,

शैलाचा मनापासून नमस्कार. वि. वि.

इकडची खुशाली लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीला अडले. घाबरू नका. तुमची लेक, माझी सून वेदिका, सुखरूप आहे. पण गर्भाची वार खाली असल्यामुळे डॉक्टरीणबाईंनी तिला उठूच नको म्हणून बजावलंय, आणि सातवा लागला तरी बाळाचं वजन हवं तेवढं नाही. पोटभर खाल्लं पाहिजे, ही एकच गोष्ट त्या पुन्हा पुन्हा सांगतात. ऑगस्टच्या सुरुवातीला परत सोनोग्राफी आहे. आणि ही बाई दोन घासांवर ताट सरकवते. मऊ भात केला, शिरा केला, थालीपीठ केलं. आई, छान झालंय, असं म्हणते आणि भिंतीकडे तोंड करते. गेल्या वर्षी पाचव्यात जे झालं ते ना ती विसरली, ना तुम्ही, ना मी.

तुमचा पाय प्लास्टरमध्ये नसता तर लेकीजवळ तुम्ही असता आणि मी पंचवटीत आमच्या घरी. आमच्या आल्हादची वीज केंद्रात पाळी, त्यामुळे दिवसभर क्वार्टरमध्ये आम्ही दोघीच. माझा पाय एका जागी ठरत नाही. दूध बघून येते, तिला बघून येते, परत दूध बघते.

परवा शेजारच्या मोहिनीकडे काहीतरी तळत होतं. वेदिका अर्धवट झोपेत होती, तिनं विचारलं, गाबोळी कोण करतंय? जागी झाल्यावर विचारलं तर म्हणे, मी काहीच बोलले नाही. आल्हादला विचारलं. तो आधी इकडेतिकडे बघत राहिला, मग म्हणाला की माशाच्या पोटातली अंडी, तिच्या माहेरी आषाढात तिखट करून खातात, आणि लग्न झाल्यापासून तिनं आपणहून मासे-मटण सगळं सोडलंय.

सिंधुताई, मला ती कशी करतात ते कळवा. मीच करणार आहे. मोहिनी करून देईल, पण तिची जाऊ पंचवटीत आमच्याच गल्लीत राहते, आणि आमचे हे रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी चालवतात. त्यांच्या कानावर जायचं तर ते माझ्या तोंडून जाऊ दे. करायचं म्हणाल तर मला जमेल. आमच्यात नैवेद्याआधी काही चाखायचं नसतं, लग्न होऊन आल्यापासून सगळा स्वयंपाक हाताच्या अंदाजानं करते, आणि कुणी कधी नाव ठेवलेलं नाही.

फोनवर तुम्हाला ऐकू यावं म्हणून ओरडावं लागतं आणि पलीकडच्या खोलीत ही ऐकते, म्हणून पत्र. तुमचा योगेश भाजीचा टेम्पो घेऊन येतो, त्याच्याच हाती उत्तर द्या. भावोजींना नमस्कार. आहे तो लोभ या दिवसांत जरा जास्तच लागणार आहे.

तुमची,
शैला

*

निफाड,
१३ जुलै

विहीणबाई शैलाताई यांना सिंधूचा रामराम.

तुमचं पत्र यांना वाचून दाखवलं तर ते म्हणले, परत वाच. परत वाचलं तर उठून गोठ्यात गेले. तिथं आता एकच गाय हाय, तिला दोनदा पाणी पाजलं. मला लय बरं वाटलं आन रडूबी आलं. माझा हा मेला पाय नसता तर मी आज तिथं आसते. खाटेवर पडून नुसती दाराकडं बघती. चुलीपुढं बसता येत नाय, म्हणून हिथून करूनबी धाडता येत नाय. यांना कांदा चिरता येत नाय, आन योगेशला करायला सांगितलं तर तो टेम्पोतच संपवंल.

आता नीट ऐका. गाबोळी घ्यायची ती रोहूची. नदीवरची भागीबाई पिढ्यान्‌पिढ्या आमच्याकडं मासे आणती, तिला सांगून ठेवलंय. योगेश बर्फात घालून आणंल. दोन बोटं जोडल्यासारखी पिशवी आसती, साल लय पातळ. ती फुटली की झालं. नळाखाली धरू नका. पातेल्यात पाणी घेऊन बाळंतीण बाई लेकराला न्हाऊ घालती तसं हलक्या हातानं धुवा. लाल शीर दिसंल, तिला सुईनं टोचून रगत दाबून काढा, नायतर कडू लागती.

मग हळद-मीठ लावून ठिवा. नंतर पातळ फडक्यात गुंडाळून चाळणीवर वाफवायची. मोदक उकडता तशीच, त्यात मी तुम्हाला काय शिकवू. पार गार झाल्याबिगर सुरी लावायची नाय. बोटभर जाड चकत्या करा, लसूण, काळा मसाला आन चिमूटभर तांदळाचं पीठ लावा. तवा लोखंडीच पाह्यजे, माझा धाडती. जाळ बारीक ठिवा आन वर झाकण. दाणा उडतो, डोळे सांभाळा. वेदी लहानपणी मसाल्याचं बोट चाटायची, पण आता निम्माच घाला.

खायची कशी तेबी सांगती, नायतर तुम्ही वरणभाताशी वाढाल. बाजरीची गरम भाकरी, वर लिंबू, बाजूला कांदा. पयला तुकडा नुसता खायचा, सावकाश. दाणा दाताखाली फुटला पाह्यजे, तिखट मागून येतं.

बुधवार आन रविवार बघून करा. औंदा आषाढी आवस गुरुवारी, त्या दिवशी आमच्यात कुणी शिवत नाय. म्हंजी तेवीस तारखेचा बुधवार शेवटचा. मग श्रावण लागला की भागीबाईबी माझ्या दारात टोपली उतरवायची नाय.

तुमच्या देवांना म्हणावं, सिंधूनं रामराम सांगितलाय, राग मानू नका. पोरीवर लक्ष ठिवा, आमच्यावरबी ठिवा.

सिंधुबाई

*

एकलहरे,
१७ जुलै

प्रिय सिंधुताई,

नमस्कार. वि. वि.

काल केली. आणि फसली.

सकाळी अंघोळ करून देवाची पेटी बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवली, वर शाल पांघरली. जुनं पातळ नेसले, पदर नाकावरून घेऊन मागे घट्ट बांधला. योगेशनं डबा उघडून दिला आणि हसू दाबत उभा राहिला. म्हटलं, बाहेर बस. तुम्ही लिहिलंत त्यात एका अक्षराचा बदल केला नाही. एक बोट धुतानाच फुटलं. दुसरं नीट वाफवलं. तव्यावर टाकल्यावर असे दाणे उडाले की मनगटावर फोड आलाय. पण रंग सुरेख आला होता, तुम्ही पाहिला असतात तर शाबासकी दिली असतीत.

ताट पाहून वेदिकाचे डोळे भरले. मला वाटलं, जिंकलं. तिनं एक तुकडा खाल्ला, दुसरा बराच वेळ तोंडात घोळवला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, आई, छान झालंय. मग ताट योगेशकडे सरकवलं. कालपासून तिनं पेजेशिवाय काही घेतलेलं नाही.

सिंधुताई, माझं चुकलं कुठे? रात्रभर डोक्यात तेच. शीर राहिली का, मसाला जळला का, बर्फ वितळला होता का? आल्हाद म्हणतो, आई, तू बस जरा. कशी बसू? कोळशाच्या गाडीचा आवाज आला तरी मी दचकते. गेल्या वेळी हॉस्पिटलमधून रिकाम्या हातानं आलो तेव्हा रिक्षात ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून एकही शब्द बोलली नव्हती. तसंच ती आता गप्प असते. मला त्या गप्प बसण्याची भीती वाटते.

लगेच कळवा. रागावून लिहिलंत तरी चालेल, पण लिहा.

तुमची,
शैला

*

निफाड,
१९ जुलै

शैलाताईंना रामराम.

रागावू कशाला? योगेशनं सगळं सांगितलं. उरलेली त्यानंच खाल्ली ना. म्हणला, दिसायला लय भारी व्हती, पण मीठच नाय. वाफवताना वरचं मीठ पाण्यात उतरतं, म्हणून तव्यावर टाकायच्या आधी परत बघावं लागतं. किती घालायचं ते मला सांगता यायचं नाय. दर गाबोळी येगळी. चाखूनच कळतं, अंदाज तिथं चालत नाय.

हे मी पयल्या पत्रात लिव्हलं नाय, कारण कुणी चाखल्याबिगर रांधत आसंल हे माझ्या डोक्यातच आलं नाय. तुम्ही तर तसं लिव्हलंबी व्हतं, मी वाचलं आन पुढं गेले.

पण ताई, नुसत्या मिठाचं आसतं तर वेदी वरून मीठ मागून खाती. ती भांडून मागणारी पोर हाय. दुसरंच हाय, ते लिव्हू का नको आसं करत दोन दिस गेले. आमच्या घरात गाबोळी करणारी बाई पयला तुकडा मोडून आपण खाती, समद्यांच्या देखत, मग पोरींच्या ताटात वाढती. माझ्या सासूनं तसं केलं, मीबी केलं. वेदी त्यावरच वाढली. तिनं तुम्हाला नाकाला पदर बांधून चुलीपुढं उभं पाह्यलं आसंल. तिच्या गळ्याखाली उतरंल कसं? तिला वाटलं आसंल, माझ्यापायी ही बाई विटाळली.

मी तुम्हाला चाखा म्हणत नाय. कोणत्या तोंडानं म्हणू? तुमच्या हातचं पाणी देवाला चालतं. तुम्ही एवढं केलं हेच आमच्यात कुणी केलं नसतं. भागीबाईला बुधवारचं सांगून ठिवलंय. नको आसंल तर योगेशला तसाच परत धाडा, मी मनात काय आणायची नाय.

मला झोप नाय. पाय खाजतो आन जीव नुसता वरखाली व्हतो. पोरीच्या पाठीवरनं हात फिरवा, माझा म्हणून.

सिंधुबाई

*

एकलहरे,
३ ऑगस्ट

प्रिय सिंधुताई,

शैलाचा नमस्कार. वि. वि.

योगेशनं तोंडी सांगितलं असेलच, पण मला सगळं माझ्या हातानं लिहायचं होतं. काल सोनोग्राफी झाली. बाळाचं वजन वाढलंय. फार नाही, पण डॉक्टरीणबाई पहिल्यांदा हसल्या. अजून पडूनच राहायचंय, काळजी काही संपली नाही. माझे दूध बघायचे फेरे चालूच आहेत.

आता त्या बुधवारचं. तुमचं पत्र वाचून मला तुमचा राग आला होता, खोटं कशाला सांगू. दोन दिवस मी वेदिकाशी धड बोलले नाही. मंगळवारी तिचे केस विंचरताना मानेची हाडं हाताला लागली, आणि राग कुठे गेला कळलं नाही.

बुधवारी दोन्ही बोटं अखंड वाफवली. मधलं दार उघडं ठेवलं, कॉट तिथून समोर दिसते. पदर सोडला. वास आला, तशीच उभी राहिले. चकत्या कापल्या. एकीचा कोपरा मोडला आणि औषध घेतात तसा डोळे मिटून तोंडात टाकला. काहीतरी भयंकर होईल असं वाटत होतं. झालं एवढंच की मनात आलं, मीठ कमी आहे. पाप आठवलं नाही, देव आठवला नाही, हात आपोआप मिठाच्या वाटीकडे गेला. मीठ लावून परत चाखली. मग मसाला लावून तव्यावर परतली आणि तिसऱ्यांदा चाखली. तिसऱ्यांदाची काही गरज नव्हती, तेवढं तुमच्या-माझ्यातच ठेवा.

मान वर केली तर वेदिका कॉटवर कोपरावर उठून बघत होती. मी ओरडले, आडवी हो आधी. ती आडवी झाली आणि हुंदके देऊन रडली. म्हणाली, आई, तुम्ही माझ्यामुळे कशाला? मी म्हटलं, तुझ्यामुळे नाही, मिठामुळे. मग तिनं दीड भाकरी खाल्ली, लिंबू पिळून, तुम्ही सांगितलंत तशी सावकाश. वर मला ऐकवलं की काळा मसाला अजून चालला असता. त्या दिवसापासून ती सगळं खाते. श्रावणातलं आमचं पुरण, अळू, भोपळ्याची भाजीसुद्धा.

राहिलं आमच्या घरचं. पहिल्या सोमवारी मोहिनीला वेदिकाजवळ बसवलं आणि पूजेसाठी पंचवटीला गेले. देवघरात पाऊल टाकायच्या आधी ह्यांना उंबऱ्याबाहेरून सगळं सांगितलं. ते चंदन उगाळत होते, हात थांबला. मग त्यांनी एवढंच विचारलं, की तिनं पोटभर खाल्लं का. मी म्हटलं, दीड भाकरी. ते म्हणाले, मग आत ये, नैवेद्याला उशीर होतोय.

स्वयंपाक केला, नेहमीसारखाच न चाखता. देवाला दाखवला, पान वाढलं. इतकी वर्षं हे माझ्यासमोर जेवताहेत, नैवेद्याला नाव ठेवायचं नाही म्हणून कधी ब्र काढला नाही. त्या दिवशी आमटीचा पहिला घास घेतला आणि त्यांनी माझ्याकडे मीठ मागितलं. मी वाढलं. त्यांनी अजून थोडं मागितलं.

तुमचं प्लास्टर सुटलं की लगेच या. लेकीला बघायला या आणि मलाही. भावोजींना आणि त्या पाणी पिऊन पिऊन दमलेल्या गाईला माझी आठवण सांगा. माया अशीच राहू द्या.

तुमची,
शैला

ता. क. तुमचा तवा घासून, तेल लावून ठेवलाय. योगेश परत मागत होता, मी दिला नाही.