सुलक्षणा तेली यांचे नवे लेख

६ जानेवारी, सोमवार
पीएचडीचा पहिला दिवस. मुलुंडच्या संशोधन केंद्राचं ग्रंथालय झकास आहे. मला खिडकीजवळचा संगणक मिळाला. ग्रंथपाल भाऊरावांनी लेख शोधायला शिकवलं: आधी विषय टाकायचा, मग वर्ष, मग पूर्ण लेख मिळतो का ते बघायचं. माझा विषय आईच्याच पिढीचा, गिरण्या बंद पडल्यावर घर ओढणाऱ्या कोकणी बायका. आई हसून म्हणाली, आमच्यावर काय लिहितेस?

८ जानेवारी
दोनशे बारा लेख आले. चालू वर्ष टाकलं तर एकच उरला, सुलक्षणा तेली यांचा. नाहूरच्या एका बाईची मुलाखत. नवऱ्याची गिरणी बंद पडल्यावर तिने घरोघरी मसाला विकला. त्याच वर्षी तिचा मुलगा तापाने गेला. अगदी आमच्या घरासारखं, आणि आम्हीही नाहूरचेच.

९ जानेवारी
मुलाचं नाव सुयोग. माझ्या भावाचं नाव. आमच्याकडे ते कुणी उच्चारत नाही.
भाऊरावांकडे लेखिकेचा पत्ता मागितला. सुलक्षणा इथेच, याच विषयावर काम करायची, म्हणाले. मुलाखती अर्ध्यावर टाकून सहा वर्षांपूर्वी वारली. ते स्वतः स्मशानात गेले होते.

१० जानेवारी
दुसरा लेख आलाय. मुलाखत त्याच बाईची. आईला विचारलं, तू कुणाला मुलाखत दिलीस का? ती सहज म्हणाली, "तुझी मैत्रीण येता ना दुपारची. सोमवारपासून येता."
दिलेला चहा तसाच राहतो म्हणे. दार उघडू नको म्हणून मी बजावलं, तर आईच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत सुयोगबद्दल कुणी विचारलं नव्हतं, म्हणाली.

१३ जानेवारी
तिसरा लेख. तारीख आजची. शेवटी आभार — मुलाखत पूर्ण होताच या बाईंचं निधन झालं —
आई फोन उचलत नाही.

रिक्षात
फोन लागला. आईचा आवाज खुशीत. "आज ती सुयोगाक घेऊन इली हा." मग काहीच नाही.

घरी, दुपार
दार उघडंच होतं. आई खुर्चीत — हात गार — चेहऱ्यावर हसू. शेजारच्या द्रौपदीकाकू डॉक्टरांना आणायला गेल्यात. तीन कप चहा, दोन भरलेले.
समोरच्या खुर्चीत कुणी नाही. तरी कुणीतरी विचारतंय. हळू आवाजात, मायेनं. आईबद्दल.
मी सांगणार नाही. काहीच सांगणार —
आई ना, मी लहान असताना मला रोज