बाबांसाठी बत्तीस क्लिक

८ मार्च, शनिवार
आजपासून रोजनिशी. मोठे निर्णय लिहून ठेवले की डोकं शांत राहतं. पहिला मोठा निर्णय: यंदा गणपतीला बाबांना गावी मी नेणार. माझ्या गाडीतून.

गाडी म्हणजे लाल, दोन दारांची, जपानी स्पोर्ट्स कार. अकरा वर्षं जुनी. जानेवारीत घेतली. मागे सीट आहे, पण तिच्यावर एखादं कलिंगड बसेल, माणूस नाही. नलिनी म्हणाली, या वयात? बायकोला काय सांगणार. बावन्न हे काही वय नव्हे.

बाबा ऐंशीचे. आई गेल्यापासून दोन वर्षं गावी गेलेले नाहीत. आमच्या पाच घरांचा मिळून एक गणपती, आणि आता त्या पाच घरांत बाबाच सगळ्यांत मोठे, म्हणजे पूजेला उभं राहायचा मान त्यांचा. यंदा जायचंच म्हणतात. मणक्यात गॅप आहे. डॉक्टरांनी धक्के टाळायला सांगितलंय.

धक्के टाळणं हा शुद्ध इंजिनिअरिंगचा प्रश्न आहे.

१६ मार्च, रविवार
उत्तर सापडलं. कॉइलओव्हर. म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र. गाडीची उंची हवी तेवढी ठेवता येते, आणि वरची खुंटी फिरवली की सस्पेन्शन कडक नाहीतर मऊ होतं. खुंटी टिक टिक करत फिरते, त्या प्रत्येक टिकला क्लिक म्हणतात. एक तैवानी सेट २४ क्लिकचा. एक जपानी, ३२ चा. मणका नाजूक असेल तर आठ क्लिक जास्तीचे लागणारच.

केतनला फोनवर समजावलं. धाकटा भाऊ, बोरिवलीला असतो, त्याच्या सोसायटीत त्याला विचारल्याशिवाय पान हलत नाही असं तोच सांगतो. म्हणाला, दादा, बाबांना ट्रेन बरी नाही का? बाबांचा एवढा पुळका असता तर ते आमच्याकडे कशाला राहिले असते?

५ एप्रिल, शनिवार
घाटकोपरला सर्वेशच्या गॅरेजमध्ये गेलो. फक्त सस्पेन्शनचं काम करतो. मला काका म्हणाला. सोडून दिलं. गाडीखाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, ओरिजिनल शॉकअप बदला, रबरी बुश बदला, झकास चालेल, हे रेसवाल्यांचं सामान कशाला? मग विचारलं, चालवणार कुठे? म्हटलं, घाटात आणि ट्रॅकवर, दोन्हीकडे. ट्रॅक कुठला ते त्याने विचारलं नाही, बरं झालं.

अशा माणसांमुळेच आपल्याकडे काही पुढे जात नाही.

१२ एप्रिल
निश्चय. आजपासून इंटरनेटवरचा गाडीवाल्यांचा फोरम बंद. जास्त वाचलं की निर्णय होत नाही.

१३ एप्रिल
फोरमवर कोइमतूरचा एक जण म्हणतो, पुढची स्प्रिंग आठ किलोची, म्हणजे कडक घ्या. दुसरा म्हणतो, सहाच्या वर जाल तर पस्तावाल. भांडण अकरा पानं. सगळं वाचलं. मला दोघांचंही पटलं.

२० मे
निर्णय झालेला नाही. पण निर्णय कसा घ्यायचा याचा निर्णय झालाय. एक्सेल शीट. बावीस रकाने. पहिल्या रकान्याचं नाव ‘बाबा’. त्यात अजून काही भरलेलं नाही. त्यांना नेमकं काय विचारायचं ते कळत नाही.

नलिनी म्हणाली, त्यांना बसायला काय सोपं जातं ते विचार. हा काय प्रश्न झाला?

२५ जून, बुधवार
केतनचा फोन. उद्या सकाळी आठला कोकण रेल्वेच्या गणपतीच्या गाड्यांचं बुकिंग उघडतंय, मिनिटभरात संपतं, बाबांचं तिकीट काढू का? स्वच्छ शब्दांत सांगितलं, काढायचं नाही. उद्या आठला आमच्या भांडुपमधला प्रत्येक कोकणी माणूस मोबाइल हातात धरून देव पाण्यात घालून बसणार. मी चहा पिणार.

नलिनीने विचारलं, गाडीत जागा दोघांची, मग मी कशी जाऊ? म्हटलं, बघू. ती म्हणाली, माझं मी बघते. हा तिचा चांगला गुण आहे.

२६ जून, सकाळी ८.०४
वरच्या मजल्यावरून आवाज आला, वेटिंग लागलं. खालच्या मजल्यावरून शिवी आली. बाबांना म्हटलं, बघा, आपल्याला ही कटकटच नाही. बाबा हं म्हणाले आणि बशी पुसत बसले.

१४ जुलै
जपानी. ३२ क्लिक. ऑर्डर दिली. अंधेरीचा इंपोर्टर तीन आठवडे म्हणतोय. चार महिने विचार करून घेतलेला निर्णय चुकत नाही.

८ ऑगस्ट, शुक्रवार
सामान आलं. हॉलमध्ये वर्तमानपत्र पसरून चारही मांडले. बाबा मिलमध्ये फिटर होते. आपणहून उठून आले, स्प्रिंगवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “लोखंड बरा आसा.”

माझ्या कुठल्याही वस्तूला बाबांनी आजवर बरं म्हटल्याचं मला आठवत नाही. दहावीचे मार्क धरून. केतनच्या फ्लॅटला मात्र दोनदा म्हणाले होते. आज फार बरं वाटलं, हे इथे लिहून ठेवतो.

१४ ऑगस्ट
सर्वेशने बसवून दिलं. गाडी दोन इंच खाली आली. काय दिसते. सोसायटीच्या गेटवरच्या उंचवट्याला पोट घासतं, पण तिरकी घेतली तर कमी घासतं. कमिटीला पत्र लिहिणार आहे.

सर्वेशने चारही खुंट्या २६ व्या क्लिकवर ठेवल्या आणि हात लावू नका म्हणाला. गाडी कोणाची आहे?

१७ ऑगस्ट, रविवार, सकाळी
आज बाबांना फेरी. निघण्याआधी २६ हा आकडा खटकला. बत्तीसपैकी सव्वीस म्हणजे जवळजवळ पूर्ण कडक. रेसवाल्यांची सवय, दुसरं काय. ऐंशी वर्षांचा मणका आहे, याचं कोणाला काही नाही. चारही खुंट्या २ वर आणल्या. बॉनेटखाली आणि डिकीत वाकून वाकून माझीच कंबर धरली. बापासाठी माणूस एवढंही करणार नाही का?

दुपारी
भांडुप ते मुलुंड आणि परत. बाबांना आत बसवायला नलिनी आणि वॉचमन, दोघं लागले. पहिल्या खड्ड्याला बाबांनी दरवाज्याचं हँडल धरलं, ते शेवटपर्यंत. कसं वाटतंय विचारलं तर बरा आसा म्हणाले. गाडी जरा टणक वाटली खरी. नवीन सामान आहे, मुरेल.

संध्याकाळी
बाबा पलंगावरून उठत नाहीयेत. गादी बदलायला हवी हे मी कधीपासून सांगतोय.

१८ ऑगस्ट
डॉक्टर आले. मणका दबलाय. सहा आठवडे झोपून राहायचं. प्रवास बंद.

योगायोग. शनिवारी त्यांनी बाथरूममधली बादली उचलली होती. निदान मला तसं आठवतं. नलिनीला आठवत नाही.

२० ऑगस्ट
सर्वेशला फोन केला. एका मित्राच्या गाडीबद्दल आहे असं सांगितलं. तो म्हणाला, क्लिक पूर्ण कडकपासून मोजायचे. शून्य म्हणजे दगड. सव्वीस म्हणजे मऊ. मित्राने दोनवर ठेवलेत? वाट लागेल त्याची. पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर आहे म्हणे. पुस्तिका जपानीत आहे, त्याला मी काय करणार?

खाली जाऊन चारही खुंट्या २६ वर आणल्या. घरी सांगण्यासारखं यात काही नाही.

२४ ऑगस्ट, रविवार
केतन आला. बाबांजवळ बसला, मग मला बाल्कनीत बोलावून मोबाइल दाखवला. उद्याची सहा तिकिटं. सगळी कन्फर्म. त्याच्या घरची चार, एक नलिनीचं, एक बाबांचं. बाबांना खालचा बर्थ. काढल्याची तारीख, २६ जून.

म्हटलं, मी तुला नको म्हणून सांगितलं होतं.

केतन म्हणाला, “दादा, मी माझ्या मनाने नाही काढलं. बाबांनीच फोन केला होता. तुला सांगू नको म्हणाले.”

एका वेळी सहाच निघतात, म्हणून तुझं काढलं नाही, असंही म्हणाला. शिवाय तू गाडीने येणारच होतास.

बाबांचं तिकीट रद्द केलं. नलिनीने तिचंही करायला सांगितलं, बाबांजवळ कोणी नको का म्हणाली. मी आहे ना, म्हटलं. तिने केतनसमोर उभं राहून तेही रद्द करून घेतलं.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी
केतनने गावाहून व्हिडिओ कॉल लावला. मी फोन बाबांच्या तोंडासमोर धरला. चित्र अडकत होतं, आरती तुटत होती. बाबांनी पडल्या पडल्या हात जोडले आणि कॉल संपल्यावरही बराच वेळ तसेच ठेवले. गणपतीपुढे उभं राहायला यंदा त्यांच्याऐवजी धाकटे काका होते.

नलिनी स्वयंपाकघरात गेल्यावर विचारलं. तिकीट हातात होतं, ट्रेननेच जाणार होतात, तर मग माझ्या गाडीत बसलात कशाला?

बाबा छताकडे बघत म्हणाले, “इतके महिने त्येच्या पाठी लागलंस. तुझा मन कित्या मोडू? एक फेरी मारूक काय जाता, म्हटलंय.”

क्लिकचं सांगावं असं वाटलं. शब्दही जुळवले होते. तेवढ्यात त्यांनीच माझ्या हातावर हात ठेवला.

“रस्तेच वायट रे, झिला. तुझो काय दोष?”

मी हो म्हटलं. रस्ते फार वाईट आहेत म्हटलं.