कॉलमनकाकांचं निव्वळ खरं चरित्र

३ सप्टेंबर
आजपासून कॉलमनकाकांचं चरित्र. डब्लिनच्या प्रकाशकांना नाताळआधी हवं. नाहीतर ते दुसऱ्याच कुणाचं छापतील आणि काकांना लोक विसरतील. कवी, नाटककार, कादंबरीकार: तिघांनाही न्याय देणार. शाळेआधी मला त्यांनीच चुलीशी बसवून अक्षरं शिकवली. नियम एकच: दोन माणसांच्या दुजोऱ्याशिवाय वाक्य ठेवायचं नाही.

९ सप्टेंबर, सकाळ
मसुदा जाडजूड. लिहिताना पाठीमागे काकांच्या पाइपचा वास येतो. वर्ष झालं त्यांना जाऊन. देखरेख करत असावेत. बरं वाटलं. वळून पाहिलं नाही.

२० सप्टेंबर
शेजारचे बार्टली म्हणाले, पहिल्या नाटकाला सभागृह गळत होतं, लोक छत्र्या उघडून बसले होते. राजा मेला तेव्हा टाळ्या पडल्या, कारण पाऊस थांबला. डेलियाकाकी म्हणाली, बार्टली तेव्हा जत्रेत विकलेल्या गायीचे पैसे दारूत पीत बसला होता. बार्टली म्हणाले, गायीला मध्ये आणू नये. नाटक वगळलं.

११ ऑक्टोबर
कादंबरी काकी म्हणते गोठ्यात लिहिली, कारण घरात पाइपला बंदी. बार्टली म्हणतात अंथरुणात, कारण गोठ्यात काकी. दोन्ही खोडलं. मग कादंबरीही गेली. पुस्तक दिवसेंदिवस शुद्ध होतंय. वरच्या रिकाम्या खोलीत पावलं वाजतात. समाधानाने फिरत असावेत.

२४ ऑक्टोबर
प्रेमकविता कुणावर? काकी म्हणते, तिच्यावर. बार्टली पहिल्यांदाच गप्प राहिले. कविता काढल्या. पावलं आता माझ्या दाराशी येऊन थांबतात. झोप नाही. काम मात्र संपत आलं.

२ नोव्हेंबर
काल मृतांची रात्र, गेलेली माणसं घरी येऊन जातात ती. सगळ्यांसारखं आम्हीही दाराची कडी काढून ठेवली, चूल जागती ठेवली, चुलीपुढे खुर्ची ओढली. खुर्चीवर मी चरित्र ठेवलं. आता एकच पान आहे. जन्म, लग्न, मृत्यू. निर्दोष.

सकाळी काकी निखारे उकरत होती. म्हणाली, आला होता. मी विचारलं, वाचलं का.

"उभ्याउभ्याच वाचलं. मग म्हणाला, 'डेलिया, हा बिचारा कोण गं वारला?'"

आणखी कुणी ऐकलं का, असं मी विचारलं. काकीने चहा ओतला.

घर आज अगदी शांत आहे; पावलं नाहीत, पाइपचा वास नाही. लिहायला याहून चांगला दिवस मिळणार नाही. सकाळपासून कोऱ्या कागदापुढे बसून आहे.