लिंकनमधली चहाची रांग

लाउथ,
३ सप्टेंबर १९९६

प्रिय क्लाइव्ह,
स. न. वि. वि.

अत्यंत दुखावलेल्या मनाने हे पत्र लिहिते आहे. गेली अकरा वर्षं नऊ वाजून दहा मिनिटांनी सुटणारी आमची बस कालपासून नऊ आठला सुटते. थांब्यावर कागद चिकटवलाय, खाली कुणाची सहीसुद्धा नाही. त्या दोन मिनिटांत मी माझा दुसरा कप संपवत असे. राज्यं जातात ती अशीच, कुणाला न विचारता.

तरीही चौदा तारखेला, शनिवारी, त्याच बसने मी लिंकनला येणार आहे आणि तू स्लीफर्डहून गाडीने येणार आहेस. हे आमंत्रण नाही, कळवणं आहे. इव्हॉन वहिनी गेल्यापासून दोन वर्षांत तू बाजार आणि दातांचा डॉक्टर यापलीकडे गेलेला नाहीस, आणि दातही आता फारसे उरले नसावेत. कॅथेड्रल बघू, चहा पिऊ, संध्याकाळी आपापल्या घरी.

आणखी एक. मिसेस पॉगसन भेटल्या होत्या. त्यांच्या गायकवृंदातली तुझी जागा त्यांनी अजून कुणाला दिलेली नाही. पण एक निवृत्त बँक मॅनेजर खर्ज लावून दारात उभा आहे म्हणे. महिनाअखेरपर्यंत थांबते, पुढे माझाही नाइलाज आहे, असं म्हणाल्या. मी त्यावर काही बोलणार नाही. बोलले ते एवढंच.

लोभ आहेच, वाढवायला कष्ट पडणार असतील तर आहे तेवढाच ठेव.

तुझी धाकटी बहीण,
लॉर्ना


स्लीफर्ड,
६ सप्टेंबर

चि. लॉर्ना हिस,
अ. उ. आ.

येतो. नाही म्हटलं तर तू घरी येऊन कपाटं आवरशील, त्यापेक्षा लिंकन बरं.

अटी दोन. स्टीप हिलचा चढ मी माझ्या वेगाने चढणार, मागून ढकलायचं नाही. दुसरी, गाण्याचा विषय नको. इव्हॉनच्या अंत्यविधीत शेवटच्या स्तोत्राला मी तोंड उघडलं आणि आतून काहीच आलं नाही. तू शेजारीच होतीस. सगळ्यांना वाटलं, रडतोय. मी रडत नव्हतो, गायला बघत होतो. तो आवाज गेला तो गेला. बँक मॅनेजरला माझी जागा लखलाभ होवो.

टोमॅटो यंदा बरे आलेत, आणीन. तुझी ती हिरवी टोपी घरी ठेवलीस तर उपकार होतील.

तुझा,
क्लाइव्ह


लाउथ,
१६ सप्टेंबर

प्रिय क्लाइव्ह,
स. न. वि. वि.

शनिवारी स्टेशनवर निरोप घेताना तू मला कारस्थानी म्हणालास, तेही तिकीट तपासनिसासमोर. माझी बाजू लेखी देते, जपून ठेव.

चढ चढून वर पोचलो तेव्हा तुझ्या तोंडातून शब्द फुटत नव्हता आणि मला चहाखेरीज जगात काही नको होतं. कॅथेड्रलमध्ये बाजूच्या दारापाशी चाळीसेक माणसं रांगेत उभी होती. रांग दिसताच तू तिच्या टोकाला जाऊन उभा राहिलास. मी नव्हे, तू. रांग कशाची, हे मी विचारलं नाही हे खरं. पण आपल्यात ते विचारतं कोण? पुढच्याला रांग कशाची विचारणं म्हणजे त्याचा पगार विचारण्यासारखं. दिशा चहाच्या खोलीची होती, माणसं चहाबाज दिसत होती. वीस मिनिटं आपण केक कुठला घ्यायचा यावर भांडलो. तू लिंबाच्या केकवर अडून बसला होतास.

मग टेबलामागच्या बाईंनी गोड हसून तुला विचारलं की आपण वरच्या पट्टीत गाता की खर्जात. संध्याप्रार्थनेत हौशी माणसांनी येऊन गावं, असा तो दिवस होता, आणि आपण नावनोंदणीच्या रांगेत होतो. अशा वेळी आम्ही चहाला आलोय असं म्हणू शकणारा माणूस या देशात अजून जन्मलेला नाही. मागे लोक ताटकळले होते. तू बुटांकडे बघत खर्ज म्हणालास. बाई माझ्याकडे वळल्या आणि मी आल्टो म्हणाले! आल्टो म्हणजे बायकांमधला खालचा आवाज, हे मला आत गेल्यावर कळलं. शाळेत गाण्याच्या तासाला बाई मला खिडक्या पुसायला पाठवत. कारस्थान करणारी बाई स्वतःच्या पायात असा धोंडा बांधून घेते का?

दोन तास तालीम झाली. मी नुसते ओठ हलवले. शेजारीण म्हणाली, तुमचा आवाज फार संयमी आहे.

प्रत्यक्ष प्रार्थनेच्या वेळी मी समोरच्या बाकावरून तुझ्याकडेच बघत होते. गाण्याच्या मध्यावर तुझा चेहरा अगदी त्या दिवशीसारखा झाला. पुढचं मला दिसलं नाही. चष्म्यावर वाफ धरली होती. जुन्या इमारतींत ओल असते. पुढे काय झालं ते सांगावंसं वाटलं तर सांग. नाहीतर केकबद्दल लिही.

तुझी निरपराध बहीण,
लॉर्ना


स्लीफर्ड,
१९ सप्टेंबर

चि. लॉर्ना,
अ. उ. आ.

कारस्थान नव्हतं, मान्य. तुझा आल्टो हाच पुरावा पुरेसा आहे.

तालमीत निभावलं, कारण तिथे सगळेच चुकत होते. प्रत्यक्षात दुसऱ्या पानावर घसा बंद झाला. शेजारी एक म्हातारा होता, कोटभर कुत्र्याचे केस. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी उठून गेलो असतो. त्याने आपली वही चार बोटं माझ्याकडे सरकवली आणि दोघांच्या वाटणीचं गाऊ लागला. इतकं मोठ्याने, की मी गप्प आहे हे कुणाला कळू नये. आठ-दहा ओळी तो तसाच गात राहिला. त्यात माझा आवाज कधी मिसळला ते मला सांगता येणार नाही. ऐकू आला तेव्हा त्याने आपला आवाज हळू केला होता.

संपल्यावर तो म्हणाला की पाऊस काही आज येत नाही. मी म्हटलं, तसंच दिसतंय. झालं. आभार मानायला हवे होते, ते तोंडाशी येऊन परत गेले. छातीवरच्या चिठ्ठीवर टनर्ड असं नाव होतं.

पॉगसनबाईंचं काय, हे विचारू नकोस. मला अजून माहीत नाही.

तुझा,
क्लाइव्ह


स्लीफर्ड,
२७ सप्टेंबर

चि. लॉर्ना,

काल गुरुवार. तालमीला गेलो. पॉगसनबाईंनी काही विचारलं नाही, नुसतं पान चौदा म्हणाल्या. पहिला अर्धा तास वाईट गेला, नंतरचा नाही. बँक मॅनेजरही होता. मिसेस पॉगसननी त्यालाही ठेवलंय, मला पाठिंबा म्हणून. बेसूर आहे, पण माणूस बरा आहे.

घसा पार बसलाय. मध किती आणि आलं किती, ते कळव.

क्लाइव्ह


लाउथ,
३० सप्टेंबर

श्री. टनर्ड यांस,
सप्रेम नमस्कार.

आपली ओळख नाही. नावनोंदणीच्या बाईंनी हे पार्सल आपल्याकडे पोचवायचं कबूल केलं आहे.

चौदा तारखेला खर्जाच्या बाकावर आपल्या शेजारी जो उंच, करड्या कोटातला माणूस होता, तो माझा भाऊ. गाताना तो मध्येच थांबला, हे आपल्याला ठाऊक आहे. तो दोन वर्षं थांबलेला होता, हे ठाऊक नसावं. गेल्या गुरुवारी तो स्वतःच्या गावच्या गायकवृंदात परत गेला.

आभार खरं तर त्याने मानायचे. पण तुम्ही दोघं हवामानावर बोललात, आणि त्यानंतर आभाराकडे वळणं आमच्या घराण्यात कुणाला साधलेलं नाही. म्हणून त्याच्या वाटणीचे मी मानते आहे.

सोबत आमच्या अंगणातल्या प्लमचा जॅम आहे. बरणी परत पाठवू नये, उत्तराचीही तसदी नको. भावाला यातलं काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

आपली नम्र,
लॉर्ना टास्कर